टाकीवरच्या पांढऱ्या रेघा

मंडळी, आज मी जाम वैतागले होते. शेजारच्या मावशींनी माशांची जुनी काचेची टाकी आम्हाला दिली. आतून क्षाराच्या पांढऱ्या रेघा, एकीखाली एक, पार तळापर्यंत!

व्हिनेगरचं फडकं चिकटवून ठेवलं, लिंबू घासलं, हात भरून आले. शेवटी विचारलंच, "मावशी, कधी धुतलीच नाही का हो?"

मावशी हसल्या. "अगं, आपल्या पाथर्डीचा उन्हाळा. टँकर येईना, टाकीतलं पानी खाली-खाली जायचं. अंघोळीच्या पान्यातला तांब्या काढून ओतायचे. शेवटी चार बोटं पानी उरलं हुतं, पन एक मासा मरू दिला न्हाई."

वरच्या रेघा घासून काढल्या. चार बोटांवरची ती सगळ्यात खालची मात्र तशीच ठेवली.

तुम्ही घासली असती?