राजीनामा फाडणारा साहेब

सकाळी पावणेसातला फोन वाजला. माझ्या मैत्रिणीची, कुंदाची भाची पल्लवी होती. "मावशी, आत्या गेली... डबा भरता भरताच खाली बसली." माझ्या तोंडून पहिलं निघालं ते, "कसला डबा?" आणि माझी मीच जीभ चावली. मला काय ठाऊक नव्हतं! हिंगण्याच्या कंपनीतली नोकरी जाऊन बारा वर्षं झाली होती, पण कुंदा रोज कंपनीच्या बसच्या वेळेला डबा भरायची, पर्समध्ये ठेवायची, पर्स दारामागच्या खिळ्याला अडकवायची. साडेबाराला, म्हणजे कंपनीत जेवणाचा भोंगा व्हायचा तेव्हा, बेसा भागातल्या भावाच्या फ्लॅटमध्ये तो डबा उघडून एकटी जेवायची. घरच्यांनी समजावलं, मी रागावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. सहा आठवडे झाले तिला जाऊन. ती नोकरी कशी गेली हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आता लिहून टाकते.

आम्ही एका गल्लीतल्या, एका वर्गातल्या. माझे वडील कचेरीत कारकून, तिचे विणकर. तिची आई दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसायची, पण जनगणनेचा माणूस आला तेव्हा वडिलांनी सांगितलं, बाई घरीच असते. त्यानं तसंच लिहून नेलं. दहा-बारा वर्षांच्या कुंदानं ते ऐकलं आणि जन्मभर धरून ठेवलं. "घरी असते म्हणे! माय जेवाले बी उठत नव्हती वं." पुढे आम्ही बायकांच्या रांगेतून तिकिटं काढून तीन ते सहाचा खेळ पाहायला लागलो. मी गाण्यांसाठी जायची, ती नोकरीसाठी. पडद्यावरची बाई टायपिस्ट असो, नर्स असो, वकील असो, ती कामाला निघाली की कुंदा खुर्चीत पुढे सरकायची. पर्स कोणत्या खांद्याला, साहेबासमोर बसते की उभी राहते, सगळं टिपायची. "पाह्य वं, तिले कोणी विचारत नाही, भाजी कोणती केली म्हणून." शेवटी नायिका लग्न करून नोकरी सोडायची तेव्हा ही उठून उभी. "चाल, आता काही पाहासारखं नाही." औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागली तेव्हा तिची पहिली खरेदी म्हणजे तशीच खांद्यावरची तपकिरी पर्स. नेमणुकीच्या कागदाचं तिनं लॅमिनेशन करून आणलं. कागद महत्त्वाचा असला की कुंदा तो प्लॅस्टिकमध्ये घालणारच, शाळेचा दाखलासुद्धा सोडला नव्हता. स्थळं आली, तिनं सगळ्यांना नाही म्हटलं.

बावीस वर्षं तिनं पॅकिंग केलं. लाइनची सुपरवायझर व्हायचं, एवढीच तिची इच्छा. जागा निघाली, आणि तिनंच काम शिकवलेल्या माणसाला मिळाली. त्याच आठवड्यात टीव्हीवर एक सिनेमा लागला. त्यातली नायिका साहेबाच्या टेबलावर राजीनामा ठेवते, साहेब खुर्चीतून उठतो, कागदाचे तुकडे करतो आणि तिला बढती देतो. रविवारी कुंदा कोरा कागद घेऊन माझ्या दारात हजर. "लिहून दे. तुहं अक्षर चांगलं आहे."

"अगं, मंजूर केला तर?"

"करत नाही वं! बावीस साल झाले. बलावन, समजावन."

ती सिनेमावर विसंबली होती. मी कशावर? मी सरकारी खात्यातली. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसानं माझ्यादेखत तीनदा राजीनामा दिला होता आणि तो तिथेच बसून चहा पीत होता. आमच्याकडे साहेब बोलावतो, समजूत काढतो, कागद फायलीत निजतो. जगात सगळीकडे असंच असतं असं मी धरून चालले. मोठ्या हौसेनं लिहिलं, आणि वजन यावं म्हणून एक वाक्य माझ्या मनानं घातलं, "हा निर्णय मी कोणत्याही परिस्थितीत मागे घेणार नाही."

सोमवारी दहाला तिनं पत्र दिलं. बाराच्या आत मंजूर. साहेबानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. गेटवर ओळखपत्र काढून घेतलं. परतीची बस साडेपाचला, म्हणून ही न उघडलेला डबा घेऊन टपरीच्या बाकावर बसून राहिली... आठ दिवसांनी आम्ही दोघी विनवणी करायला गेलो. साहेबानं पत्र पुढे सरकवलं आणि नेमकं त्या वाक्यावर बोट ठेवलं. "बाई, तुम्हीच लिहिलंय." ते मी लिहिलंय हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही. कुंदानंही माझं नाव घेतलं नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "त्या सिनेमातल्या साहेबाले तिची गरज होती वं. माही कोणाले होती?"

मग काही महिने कळमेश्वरला ठेकेदाराकडे कामाला गेली, गुडघे गेले, तेही सुटलं. शेवटी भेटले तेव्हा पल्लवीच्या मोबाइलवर सिनेमा पाहत होती. नायिका तावातावानं साहेबाच्या केबिनकडे निघालेली. कुंदा मोबाइललाच म्हणाली, "नको देऊ वं माय, नको देऊ." मला हसू आलं. तिला आलं नाही.

मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म भरताना पल्लवीनं विचारलं, "व्यवसाय काय लिहू?" भाऊ म्हणाला, "घरीच तर होती. घरकाम लिही." मी तिथेच बसले होते. त्या दिवशीही मी गप्प राहिले. का, ते मला सांगता येत नाही.

तेरवीला पल्लवीनं ती पर्स माझ्या हातात दिली. घरी येऊन उघडली. घासलेला डबा, चमचा, हातरुमाल, आणि आतल्या कप्प्यात त्या राजीनाम्याची झेरॉक्स. लॅमिनेशन केलेली. म्हणजे बारा वर्षं ती हे पत्र रोज डब्याबरोबर ठेवत होती आणि मला एका शब्दानं बोलली नव्हती. मला राहवलं नाही. निदान आता तरी कोणीतरी ते फाडायला हवं म्हणून दोन्ही हातांनी जोर लावला, नखं लावली, दातात धरून ओढलं. लॅमिनेशन केलेला कागद फाटत नाही हो. कोपऱ्याला नुसती घडी पडली. आतलं माझं अक्षर अजून चांगलं दिसतं.