जरा धर गं

ते विमान जोडायला आम्हाला अख्खा हिवाळा आणि वर अर्धा उन्हाळा लागला, आणि त्या सगळ्या दिवसांत माझ्या कामाला नाव एकच होतं : "जरा धर गं." पंख धर, बॅटरी धर, पान्हा धर. वहिनीही मदत करतात का, असं कोणी नवऱ्याला विचारलं, की तो मोठ्या कौतुकाने सांगायचा, "करते ना, धरते!" आजही ते वाक्य आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक उठते.

विमान म्हणजे जत्रेतलं खेळणं नव्हे. आमच्या जेवणाच्या टेबलापेक्षा लांब पंख, नाकात पेट्रोलचं खरं इंजिन, आणि जमिनीवर उभं राहून रिमोटने आकाशात कोलांट्या मारायला लावायचं. नवरा अंधेरीला एका कारखान्यात ड्रॉइंग काढायचा आणि मी चर्चगेटला एका कचेरीत होते. त्याच्या मावसभावाने परदेशातून सुट्या भागांचा खोका आणला. तो वसईतल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात वळेना, म्हणून थेट वटारला माझ्या माहेरी गेला. म्हणजे ओटा माझ्या आईचा, चहा माझ्या आईचा, दर रविवारची रिक्षा आमच्या दोघांची, आणि विमान मात्र "माझं" असं तो म्हणायचा.

सांगाडा हलक्या लाकडाचा होता आणि त्यावर रंगीत प्लास्टिकचा पातळ कागद ताणून बसवलेला होता. वाडीतल्या दमट हवेने तो कागद आठवड्याभरातच सैल पडला. पंखांवर सुरकुत्याच सुरकुत्या. हा कागद ऊब लागली की आक्रसतो, म्हणून यावर उपाय म्हणजे इस्त्री. नवऱ्याने मोठ्या ऐटीत इस्त्री उचलली आणि पहिल्याच फटक्यात पंखाला रुपयाएवढं भोक पाडलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हे बाईमाणसाचं काम आहे." मी इस्त्रीला जुना सुती मोजा चढवला, उरलेल्या कागदाचं ठिगळ लावलं आणि रेशमी साडीला देतात तेवढीच ऊब देत देत दोन्ही पंख आरशासारखे करून दिले. तेव्हापासून त्याच्या मित्रांमध्ये हा विनोद झाला, की इंजिनियरिंग ह्याचं आणि इस्त्री वहिनींची. सगळे हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही, कारण सैल कागदाचं विमान उडत नाही, आणि हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

पंखांच्या मागच्या कडेला हलणाऱ्या पट्ट्या असतात. त्यांच्या बिजागऱ्याही मीच बसवल्या. बिजागरीच्या सांध्याला आधी व्हॅसलीन लावायचं, नाहीतर गोंद आत शिरतो आणि पट्टी हलतच नाही. पट्टी हलवणाऱ्या मोटरी काडेपेटीएवढ्या. त्यांच्यापासून पट्टीपर्यंतच्या तारा मीच जोडल्या. म्हणून मला झोपेतही सांगता आलं असतं, की रिमोटची दांडी उजवीकडे केली की उजव्या पंखाची पट्टी वर यायला हवी आणि डाव्या पंखाची खाली जायला हवी. तरच विमान उजवीकडे कलतं.

आई हे सगळं ओट्याच्या कडेला शेंगा सोलत बघायची. एकदा न राहवून तिने मला विचारलं, "काम तर तूच करते. मंग हा 'धर धर' कोनाला म्हनतो?" नवरा हसला. मी हसले नाही.

शेवटी विमानाचा तोल बघितला. दोघांनी दोन बाजूंनी पंखाखाली एकेक बोट लावायचं आणि विमान उचलायचं. ते सरळ राहिलं पाहिजे. राहिलं. त्या वेळी मी धरत होते हे खरं आहे. पण तोही धरतच होता, आणि त्याला कोणी धरणारा म्हटलं नाही.

उडवायचा दिवस ठरला. वसईच्या पूर्वेला पडीक मिठागरं आहेत. उन्हाळ्यात तिथली जमीन टणक आणि सपाट होते. मुंबईहून गाड्या घेऊन त्याचे विमानवाले मित्र आले होते. त्यांच्यात एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांचा शब्द सगळे मानायचे. मी थर्मास आणला होता, त्यामुळे माझं स्वागत चांगलं झालं.

मी शेपटीमागे गुडघ्यांवर बसले. इंजिन चालू झालं की विमान पुढे ओढ घेतं, ते कोणीतरी मागून पकडून ठेवावं लागतं. नवरा माझ्या मागे उभा राहून रिमोट तपासू लागला. "उजवं," तो म्हणाला, आणि उजवी पट्टी खाली गेली. "डावं," आणि डावी खाली गेली.

"अहो, उलटं चाललंय," मी म्हटलं.

"हलतंय ना सगळं? झालं तर."

"हलतंय, पण उलटं. उजव्याला उजवी वर यायला पाहिजे."

वयस्कर गृहस्थ समजुतीने हसले. "वहिनी, समोरून बघितलं की तसं वाटतं. आरशात नाही का डावं-उजवं बदलत?"

मी शेपटीमागे बसले होते. विमानाचं नाक माझ्यापासून लांब, पलीकडे होतं. समोरून बघायला मी काय इंजिनात बसले होते? पण सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कोणीतरी नाकावरचा पंखा फिरवून इंजिन चालू केलं. त्या आवाजात माझं बोलणं मलाच ऐकू येईना.

इंजिन तापलं. नवऱ्याने हाताने खूण केली आणि ओरडला, "सोड!"

मी सोडलं नाही.

"अगं, सोड!"

शेपूट दोन्ही हातांनी घट्ट पकडून मी नकारार्थी मान हलवत राहिले. पेट्रोलचा धूर तोंडावर येत होता, केसांत माती जात होती. सोडलं असतं तर ते वर चढलं असतं, कलल्यावर त्याने सावरायला दांडी फिरवली असती आणि ते आणखीच कलून जमिनीत घुसलं असतं. माझा अख्खा हिवाळा त्या पंखांत होता. मी कशी सोडू?

शेवटी त्याने वैतागून इंजिन बंद केलं. चारचौघांत बायकोने ऐकलं नाही म्हणून लालबुंद झाला होता. माझ्यासमोर येऊन त्याने पुन्हा एकदा रिमोटची दांडी उजवीकडे केली, मला दाखवून द्यायला. उजवी पट्टी खाली गेली.

या वेळी सगळ्यांनी माझ्या मागून वाकून बघितलं. आदल्या दिवशी मी कचेरीत असताना त्याने रिमोटमधली सगळी जुळणी पुसून नव्याने केली होती, तिथे घोळ झाला होता. मिनिटभरात त्याने तो दुरुस्त केला.

वयस्कर गृहस्थांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बरं झालं बुवा, वेळेवर लक्षात आलं."

लक्षात आलं! कोणाच्या? जसं काही ते वाऱ्याबरोबर उडत आलं आणि आपोआप सगळ्यांच्या डोक्यात शिरलं. आपल्या भाषेत ही सोय फार चांगली आहे, आणि पुरुषांना ती फार आवडते.

"चला," नवरा म्हणाला. "जरा धर गं."

मी उठून उभी राहिले, साडीवरची माती झटकली आणि हाताची घडी घातली. "कोणाच्या लक्षात आलं ते आधी सांगा. मग धरते."

"अगं, आपल्या लक्षात आलं ना?"

"आपल्या नाही."

त्याने मित्रांकडे बघितलं. मित्र विमानाकडे बघू लागले. शेवटी तो पुटपुटला, "हिच्या."

"मोठ्याने सांगा. त्यांना ऐकू गेलं नाही."

"हिच्या लक्षात आलं," तो म्हणाला. मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "पट्ट्या हिनेच बसवल्यात. तारा पण. पंख पण."

"अरे वा," वयस्कर गृहस्थ म्हणाले, "म्हणजे वहिनी, तुम्हाला यातलं कळतं?"

मी खाली बसले आणि शेपूट धरलं. इंजिन पुन्हा चालू झालं. थोड्या वेळाने तो "सोड" म्हणून ओरडला, तेव्हा मी नकारार्थी मान हलवली आणि हाताने आधी उजवीकडे, मग डावीकडे खूण केली. त्याने निमूटपणे दांडी उजवीकडे केली. उजवी पट्टी वर आली. डावीकडे केली. डावी वर आली.

मग मी सोडलं.