दोन ड्रम गटारात

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चिकलठाण्याच्या कारखान्यात ओझी उचलण्यात जन्म गेला. म्हणून गोड लिहिता येत नाही.

बायको गेली त्याच्या आदल्या दिवशी नळ आला होता. आमच्या भागात नळ आठ-आठ दिवस येत नाही. ज्या दिवशी येतो, त्या दिवशी बाईनं आजारी पडायचं नसतं. छातीत कळ येत होती, तरी तिनं दोन ड्रम, हंडे, कळशा, माठ सगळं भरलं. धोतराच्या फडक्यानं गाळून. भरून झालं की ड्रमपाशी जरा बसायची. पाण्यावर ऊन पडलं की त्याची लाट वर पत्र्यावर हलायची.

"बघा," म्हणायची, "फुकटचा सिनेमा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

मसणातून परत आलो, तर दारापुढं गटार भरून वाहतंय. घरात मयत झाली की भरलेलं पाणी सांडून द्यायची आमच्यात रीत. गंगापूरहून आलेली माझी थोरली बहीण अन् गल्लीतल्या बाया ड्रम आडवे करून मोकळ्या झाल्या होत्या.

"आक्का, काय केलंस हे?"

"मयताच्या घरचं पाणी ठेवत नसतात."

"तिनं भरलं होतं. तिच्या हातचं शेवटचं काम होतं ते."

"म्हणूनच तर. येडा झालास का?"

मसणातून आलेल्यांनी आंघोळ करायची, हीपण रीतच. पंधरा माणसं दारात उभी अन् घरात थेंब नाही. एकमेकांच्या तोंडाकडं बघतायत. त्या बायांचा राग आलाच, पण जास्त माझा आला. आई गेली तेव्हा बायको ड्रमला आडवी झाली होती. "पाणी काय भाकर हाय व्हय, शिळं व्हायला? लेकरांना काय पाजू?" मी तिला बाजूला सारलं अन् ड्रमला लाथ घातली. नंतर आठवडाभर ती कडेवर पोर घेऊन टँकरमागं पळाली. मी कामावर गेलो.

स्वयंपाकघरात धावलो. कोपऱ्यातला माठ तेवढा वाचला होता. तो मांडीत घेऊन बसलो. आक्का ओढायला आली.

सून शाळेत मास्तरीण आहे. घरात फार बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "आत्याबाई, पृथ्वीवरचं पाणी लई जुनं असतंय. तेच वाफ होऊन वर जातं, तेच पाऊस होऊन खाली येतं. त्यातलं पिण्याजोगं तर थोडंच."

"ऐकलंस?" मी म्हणालो. "जगातलं सगळंच पाणी मेलेल्यांच्या घरचं हाय. तू काय गंगापुरात नवं पितीस व्हय?"

"सुतकात तोंड सोडू नको."

मी सगळ्यांदेखत तांब्या बुडवला अन् घटाघटा प्यालो. बाया पदर तोंडाला लावून बघत राहिल्या.

आंघोळीपुरते जार कुणीतरी आणले. नळाला अजून दिवस होते. तिसऱ्या दिवशी टँकर आलाच नाही. दुपारी आक्का माझ्या शेजारी येऊन बसली. ओठ सुकलेले. बराच वेळ माठाकडं बघत होती.

"दे की रं थोडं."

नाही म्हणायचं तोंडापर्यंत आलं होतं. पण बायकोनं दारात आलेल्या माणसाला कधी तहानलेलं धाडलं नव्हतं. फुलपात्र भरलं अन् आक्काच्या हातात दिलं.

"घे. तिच्या हातचं हाय. खाली सांडलंस तर बघ."