शनिवारी विमानतळावर

द्राक्षांची छाटणी उरकली आणि दिंडोरीहून मी एकटीच निघाले. माझी मुलगी वैशाली लग्न होऊन जर्मनीला गेली, त्याला दोन वर्षं होत आली होती. फोनवर दर वेळी एकच सांगायची, "आई, मी मजेत आहे." नवं शतक नुकतं लागलेलं, आमच्या गल्लीतून विमानात बसणारी पहिली बाई मीच.

फ्रँकफर्टला सामान घेऊन बाहेर आले तर समोर वैशाली. तिला जवळ घेते न घेते तोच कॉफीच्या दुकानातली एक जाडजूड बाई धावत आली. "एंडलिश! एंडलिश!" म्हणत तिनं आम्हा दोघींना मिठीच मारली. डोळ्यांत पाणी!

"काय म्हणते गं ही?"

"काही नाही. चल तू." वैशालीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेपाचच वाजले होते, पण बाहेर मिट्ट काळोख. मी नेलेल्या पिठाच्या भाकरी थापल्या. जावई सचिन कामावरून आले, तिघं जेवायला बसलो. मी पुन्हा विचारलं.

"एंडलिश (एकदाची) आली, असं म्हणत होती," वैशाली खाली मान घालून म्हणाली. "तिला वाटतं मी कुणाची तरी वाट बघते. दर शनिवारी मुंबईचं विमान उतरतं ना, तेव्हा मी तिथं जाऊन उभी राहते."

"कोण येणार असतं?"

"कुणीच नाही. माणसं मराठी बोलत बाहेर येतात. तेवढं ऐकते आणि परत येते."

सचिनरावांनी ताट सरकवलं. "तू तर शनिवारी लायब्ररीत जातेस ना?" त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"चल माझ्याबरोबर दिंडोरीला," मी म्हणाले.

"आले तर परत यायचीच नाही मी. म्हणून तर येत नाही."

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं विमानतळावर गेलो. त्या बाईचं नाव फातमा, मूळची तुर्कस्तानची. वैशालीनं तिला सगळं खरं सांगितलं. मला वाटलं, आता ही हसणार. पण ती काय म्हणाली ते वैशालीनं मला मराठीत सांगितलं, "इथं नवी होते तेव्हा मी रेल्वे स्टेशनवर जायचे. आमच्याकडे जाणारी गाडी सुटेपर्यंत उभी राहायचे." मग तिनं वैशालीला घरी बोलावलं, तिच्याकडे गुरुवारी बायका जमत. माझ्या मुक्कामात वैशाली एकदाच गेली. "कोपऱ्यात बसून आले," एवढंच म्हणाली.

परतले तेव्हा नाशिकच्या स्टँडवर हे घ्यायला आले होते.

"पोरगी कशी हाय?"

'मजेत' म्हणायचं असं विमानात ठरवलं होतं. जीभच वळली नाही. सगळं सांगितलं. गावभर पेढे वाटून आम्ही पोरीला परदेशी धाडली, पण तिथं तिला एकटं वाटलं तर काय करायचं, हे आम्हा दोघांच्याही मनात आलं नव्हतं.

घरी येताच यांनी वैशालीला फोन लावला. एरवी हवापाण्याचं विचारून रिसीव्हर माझ्याकडे देणारा हा माणूस. आज म्हणाला, "बाई, लय रडू येतं का गं तिकडं?"

पलीकडून हुंदका फुटला. यांनी समजूत घातली नाही, फोनही ठेवला नाही. रिसीव्हर कानाला लावून नुसते ऐकत राहिले.