कुत्र्यांसाठी निळं पाणी

लातूर नवा जिल्हा झाला आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून मला कचेरीत नोकरी लागली. त्या वर्षी दुष्काळ होता, पाणी टँकरनं यायचं. तरी कुत्र्यांनी दारात घाण करू नये म्हणून एका साहेबांनी निळीच्या पाण्याची बाटली टांगली, आणि आठवड्याभरात आमच्या शिकलेल्या गल्लीत दारोदार बाटल्या लटकल्या. माझ्या दारात दोन.

रिकाम्या बाटल्या विकणारी बाई रोज यायची. प्रत्येक बाटली पदरानं पुसून उन्हाकडं धरून बघायची. एकदा मी विचारलं, "मावशी, तुमच्या वस्तीत खपतात का?"

"न्हाई बा. तिथली माणसं अडाणी. आधी इचारतात, यानं कुत्रं कसं पळतंय? तुमच्यात समदे हुशार. सायबाचं बघितलं की झालं."

मग तिनं प्यायला पाणी मागितलं. टँकर तीन दिवस आला नव्हता. "घोटभरही नाही, मावशी," मी म्हणालो.

तिनं माझ्या भरलेल्या बाटल्यांकडं पाहिलं. त्यांच्याखालीच एक कुत्रं झोपलं होतं.

"झोपू द्या त्याला, सायेब," पाटी डोक्यावर घेत ती म्हणाली. "ते बी आमच्यासारखं अडाणीच हाय."