आमच्या गटाचा एकच पिन

"दाब गो, आता हिरवं बटन दाब," असं आम्ही चौघींनी एकदम सांगितलं. माझ्या धाकट्या जावेने दाबलं, आणि तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे गेले.

फोनवर बँकेचा साहेब होता, म्हणजे तो तसं म्हणत होता. ऑपरेशनसाठी सरकारची मदत आली आहे, ती खात्यात घ्यायला पिन टाका. जावेला मोतीबिंदू, तिला आकडे धुरकट दिसतात. म्हणून फोनचा आवाज मोठा करून तो ओट्यावर ठेवला होता आणि पिन आम्ही सांगत होतो. एक आकडा चुकला तर शेजारीण म्हणाली, "तो नाय गो, त्याच्या बाजूचा." साहेब न बोलता ऐकत होता. मला चांगल्या वळणाचा वाटला.

जावेचा पिन आम्हाला ठाऊक होता, कारण आमच्या बचत गटात सगळ्यांचा पिन एकच होता, कार्डाचा आणि फोनवरून पैसे पाठवायचाही. त्याला बँकेची सभा कारण झाली. खऱ्या बँकेची. पडद्यावर काळा मुखवटा घातलेला चोर दाखवला आणि पिन कोणाला सांगू नका म्हणाले. आम्ही हात वर करून कबूल केलं, फोटो निघाले, चहा झाला. घरी येऊन विचार केला. शहापूरला पैसे काढायला जी जाते ती बाकी चौघींची कार्डं नेते. प्रत्येकीने एसटीचं भाडं कशाला घालायचं? मग तिला पिन सांगावाच लागणार. सगळ्यांचा एकच असला तर सांगायची वेळच येणार नाही. देवळासमोरच्या विजेच्या खांबावर चार आकडे रंगवलेत, तेच घेतले. विसरलं तर दारातून दिसतात.

मदत जमा होईल म्हणून आम्ही दोन दिवस वाट बघितली. मग बँकेत गेलो, तर खातं रिकामं.

"मावशी, पिन कोणाला सांगितला होता का?" बँकेतल्या साहेबाने जावेला विचारलं.

"कोणाला नाय."

"मग या बायकांना कसा माहीत?"

"त्यांचा पण तोच हाय."

साहेबाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाला, "पैसे घ्यायला पिन लागत नाही. द्यायला लागतो."

"हे सभेत का नाय सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं होतं. तेव्हा चहा आला होता."

त्याने तक्रार लिहून घेतली. लगेच आला असतात तर पैसे अडवता आले असते, म्हणाला. मग आम्ही सगळ्यांनी पिन बदलले. प्रत्येक जणी एटीएमवर पदर धरून उभी, सख्ख्या बहिणीकडेही पाठ. पुढच्या महिन्यात तिघींची कार्डं बंद पडली, कारण स्वतःचाच पिन कोणाला आठवेना.

सभा पुन्हा झाली. चोर तोच, मुखवटा तोच. या वेळी जावेला पुढे बसवून तिचा फोटो काढला. तिने साहेबाला विचारलं, "माझे पैसे कवा येतील?" तो म्हणाला, "तपास चालू आहे." फोटो चांगला आला म्हणतात. तिला दिसला नाही.

ऑपरेशन राहिलं. भिवंडीच्या गोदामात कामाला असलेला तिचा मुलगा पुन्हा पैसे साठवतो आहे. ती भिंतीला हात लावत ओट्यावर येते, तांदूळ निवडायला बसते, आणि खडे आमच्या दाताखाली येतात. गटातल्या बाकी कोणाचा रुपया गेला नाही. सोसलं ते एकट्या जावेने.