अण्णांनी पुजलेला खेळ

हल्ली मेट्रोत समोरच्या बाकावर कुणी हातातल्या यंत्रावर मोठा खेळ खेळत असलं, किल्ले, जंगलं, घोडदौड, सगळं तळहाताएवढ्या काचेत, की मी तोंड फिरवून दाराकडे बघत बसते. लोकांना वाटत असेल, या बाईला पोरांचा राग येतो. राग येतोच, पण पोरांचा नाही.

नव्वदच्या दशकात मी लग्न होऊन पुण्याहून बंगळूरला, बसवनगुडीत आले. सासरची माणसं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेली. घरात मराठीच बोलायची, पण अशी की सुरुवातीला मी नुसती मान डोलवायची. 'स्वल्प थांब' म्हणजे जरा थांब, 'सरी' म्हणजे बरं, आणि सासऱ्यांना घरादाराने अण्णा म्हणायचं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात आम्ही तिघंच.

अण्णांचा बंगळूरच्याच शिवाजीनगरात लेथचा छोटा कारखाना होता. काम म्हणजे लोखंड, हा त्यांचा धर्म. एकुलत्या एक मुलाने लेथ सोडून इलेक्ट्रॉनिक्स शिकून घेतलं, तेव्हाच ते नाराज झाले होते. मग त्याने इंदिरानगरातली बऱ्यापैकी नोकरीही सोडली आणि माडीवरच्या खोलीत हातात धरून खेळायचं यंत्र बनवायला घेतलं. तेव्हापासून अण्णा त्या जिन्याची एक पायरी चढले नाहीत. पाहुणे आले की म्हणायचे, आमचा पोरगा खेळणी करतो. नवरा हसून वेळ मारून न्यायचा, पण त्या दिवशी धड जेवायचा नाही.

तेव्हा बसमध्ये बघावं तर पोरं ठोकळे रचायच्या स्वस्त खेळावर माना मोडून बसलेली. नवरा म्हणायचा, ठोकळ्यांना लोक कंटाळलेत, पण दुसरं परवडणारं काही मिळत नाही म्हणून रचतात. व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये पडद्यावरच्या मोठ्या खेळांपुढे रांगा लागायच्या. खेळ विकणाऱ्या दुकानांत पोरं येऊन विचारायची, हाच खेळ हातात घेऊन जाता येईल का. परदेशी यंत्रं मिळायची, पण ती पेन्सिल सेल बकासुरासारखी खायची. नवऱ्याचं यंत्र कमी सेलवर खूप वेळ चालायचं, आणि त्यावर आख्खी गोष्ट होती. एक स्वार एका किल्ल्याचा दरवाजा शोधत निघायचा. पहिल्यांदा तो खेळ चालू झाला तेव्हा मीच इतकी रमले की खाली आमटी करपली. अण्णांनी ती करपलेली आमटी न बोलता खाल्ली. न बोलणं हीच त्यांची शिवी होती.

मग चेन्नईहून खेळ आयात करणारा एक व्यापारी यंत्र बघायला तयार झाला. शब्द असा दिला होता की यंत्र समोर नीट चाललं तर ते बनवून घ्यायची जबाबदारी त्याची. तो दसऱ्याला बंगळूरात असणार होता आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होता. ही गोष्ट मी जेवताना अण्णांच्या कानावर घातली. ते कितीतरी वेळ ताक ढवळत राहिले. मग मुलाकडे न बघताच म्हणाले, "दसऱ्याचा मुहूर्त आहे म्हणजे बरंच आहे की. आदल्या दिवशी तुझं ते मिशन आणून ठेव रे पूजेला. आयुधच की तुझं ते."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. माडीवर येऊन तो लहान मुलासारखा खोलीभर फिरला.

आयुधपूजा इकडे जीव ओतून करतात. कारखाना धुऊन काढतात, लेथला झेंडूच्या माळा, दारात कुंकू भरलेला कोहळा फोडायचा. एकदा पूजेत मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हलवायचं नाही, हा नियम. अण्णांनी लेथच्या शेजारी पाट मांडला, त्यावर नवं वस्त्र घातलं आणि यंत्र स्वतःच्या हाताने ठेवलं. त्याला अजून धड कवचसुद्धा नव्हतं. प्लास्टिकच्या डब्यात उघडी तारांची जाळी होती. अण्णांनी आंब्याच्या पानाने कलशातलं पाणी लेथवर शिंपडलं, कानशींवर शिंपडलं आणि यंत्रापाशी येऊन थांबले. त्यांना वाटलं असावं, इथे कंजूषपणा नको. त्यांनी कलशच वाकडा केला. वर हळद, कुंकू आणि ओल्या अक्षता.

मी नवऱ्याचा दंड धरला. लोखंडाला पाण्याने काही होत नाही, फडक्याने पुसलं की झालं. अण्णांनी जन्मभर तेवढंच पाहिलं होतं. मी कुजबुजले, "उचल ना ते. आत्ता पुसलं तर वाचेल."

तो अण्णांकडे बघत होता. अण्णा डोळे मिटून, हात जोडून त्या डब्यापुढे उभे होते.

"राहू दे," तो म्हणाला. "आज पहिल्यांदा हात लावलाय त्यांनी."

अण्णांनी दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली. मला आजही त्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटतं, आणि कोणाला, बापाला की मुलाला, हे ठरवता येत नाही.

सकाळी अण्णा दारावर तोरण बांधत असताना नवऱ्याने डबा उघडला. सेल आतच होते, त्यामुळे ओल्या तारांतून रात्रभर वीज वाहत राहिली होती. तारांवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी चढलं होतं, अक्षता फुगून फटीत बसल्या होत्या. त्याने स्पिरिटने एकेक सांधा पुसला, उन्हात धरला. एकदा पडदा उजळला, अर्धा किल्ला दिसला आणि विझला. तसाच तो यंत्र घेऊन व्यापाऱ्याच्या हॉटेलवर गेला. व्यापारी सज्जन होता. त्याने कॉफी पाजली आणि सांगितलं की मागणी खूप आहे, थांबता येणार नाही, तो सिंगापूरहून तयार माल उचलेल.

घरी परतला तेव्हा अण्णा सोनं वाटत बसले होते. इकडे त्याला बन्नी म्हणतात, शमीची पानं. मी ठरवलं होतं की आज काय ते सांगून टाकायचं. नवऱ्याने दारातूनच माझ्याकडे पाहिलं आणि नको म्हणून मान हलवली. मूग गिळून बसणं माझ्या स्वभावात नाही, पण त्या नजरेपुढे मी बसले.

"घेतलं काय रे त्यांनी?" अण्णांनी विचारलं.

"नाही, अण्णा. आवडलं नाही त्यांना."

अण्णांचा चेहरा उतरला. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते मायेने म्हणाले, "मी पूजेत काही कमी केलं नव्हतं बघ. वस्तूतच दम नसला तर देव तरी काय करणार? सोमवारपासून ये लेथवर."

"सरी, अण्णा," नवरा म्हणाला आणि पानं द्यायला खाली वाकला. वाकला तो उठेचना. त्याचे खांदे हलायला लागले. ऑर्डर गेली म्हणून रडतोय असं अण्णांना वाटलं, आणि ते किती तरी वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.